मशीनचा शेक आणि बाईचा वेळ

बाईच्या आरोग्याचा विषय निघाला की आपल्या बैठकांमधलं बोलणं बहुतेक वेळा गर्भाशयाभोवती फिरतं. पाळी, बाळंतपण, अंगावरून जाणं, नसबंदी. हे प्रश्न महत्त्वाचेच आहेत आणि त्यांवर मोकळेपणानं बोलण्याची जागा आपण भांडून मिळवली आहे. पण जत तालुक्यातल्या कोणत्याही गावात बायांना विचारावं, "काय दुखतं गं?", तर हात आधी गुडघ्याकडे जातो. वाटीच्या पुढच्या बाजूला. उकिडवं बसलं की दुखतं, बसून उठताना दुखतं, उतरणीवर दुखतं, एस.टी.त तासभर पाय दुमडून बसलं तरी दुखतं. आणि मग तीच म्हणते, "कामाचं दुखणं हाय, त्याला काय करायचं?" तिच्या या प्रश्नाला उत्तर आहे. ते तिच्यापर्यंत पोचत का नाही, हा आपला प्रश्न आहे.

जत हा सांगली जिल्ह्याचा पूर्वेकडचा, कर्नाटकाला लागून असलेला दुष्काळी तालुका. इथल्या बाईचा दिवस उकिडवा सुरू होतो आणि उकिडवाच मावळतो. चुलीपुढं बसणं, भांडी, सारवण, गोठा. शेतात भांगलण, म्हणजे खुरपं घेऊन उकिडव्यानं सरीतून पुढं सरकत राहणं. ज्वारीची काढणी, डाळिंबाच्या बागेतली कामं. टँकर आला की हंडे. शिवाय दिवाळी आली की कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला जातात. तिथं ऊस तोडायचा, मोळी बांधायची, डोक्यावर घ्यायची आणि कललेल्या फळीवरून ट्रॉलीत चढायचं.

आता गुडघ्यात काय होतं ते पाहू. गुडघ्याची वाटी मांडीच्या हाडाच्या खोबणीतून वरखाली सरकते. मांडीचे स्नायू तिला ओढतात. गुडघा जितका दुमडावा तितकी ती हाडावर जास्त दाबली जाते. 1972 साली दोन संशोधकांनी हा दाब मोजून प्रसिद्ध केला. सपाटीवर चालताना तो शरीराच्या वजनाच्या साधारण निम्मा असतो, जिना चढताना तिपटीहून जास्त, आणि पूर्ण खाली बसून उठताना सातपटीहून जास्त. त्याच 1972 च्या दुष्काळात आपल्या आया आणि सासवा खडी फोडायच्या कामावर दिवसदिवस उकिडव्या बसल्या होत्या. त्यांच्या गुडघ्यांचं मोजमाप कुणी केलं नाही.

वाटीभोवतीचं हे दुखणं तरुणपणीच सुरू होतं आणि पुरुषांपेक्षा बायांमध्ये जास्त आढळतं. मांडीचे आणि नितंबाचे स्नायू कमी पडले की दर पावलाला गुडघा आत वळतो आणि वाटीच्या एकाच बाजूवर ताण येतो. हाड झिजलेलं असेलच असं नाही. एक्स-रे अगदी स्वच्छ येऊ शकतो. आणि एक्स-रे स्वच्छ आला की घरात ऐकवलं जातं, "काही नाही म्हणतात डॉक्टर, उगाच कुरकुर करते." दुखणं खरं आहे हे सिद्ध करायची जबाबदारीही बाईवरच.

मग ती काय करते? आधी बाम, मग मेडिकलमधून आणलेली गोळी. रोजची वेदनाशामक गोळी पोटाला आणि मूत्रपिंडाला बाधते, हे तिला सांगायला कुणाला वेळ नसतो. मग सुई. मग कुणीतरी सांगतं, शेक घे. आमच्या भागातल्या एका खासगी दवाखान्यात पाहिलेलं सांगते. दहा दिवस रोज यायचं. गुडघ्याला मशीन लावायचं, वीस मिनिटं पडून राहायचं, पैसे द्यायचे, निघायचं. दहा दिवसांत गुडघ्याला एकदाही कुणी काम करायला शिकवलं नाही. जाताना सल्ला मिळाला, "खाली बसू नका, वजन उचलू नका, कमोड बसवून घ्या." हा सल्ला ज्या बाईला दिला तिच्या घरात नळ नव्हता. दहा दिवसांचा शेक म्हणजे दहा दिवसांचं एस.टी.चं भाडं आणि दहा दिवसांची बुडालेली मजुरी. चौथ्या दिवशी ती यायची थांबली, तर कागदावर शेरा पडला, 'उपचार अर्धवट सोडले'.

या शेकाबद्दल शास्त्र काय सांगतं? वाटीच्या दुखण्यावर जगभर काम करणाऱ्या तज्ज्ञांनी 2018 साली एकत्रित मत प्रसिद्ध केलं. 2019 साली अमेरिकेतल्या फिजिओथेरपिस्टांच्या संघटनेनंही मार्गदर्शक सूचना काढल्या. दोन्हीकडे मुख्य उपचार म्हणून व्यायामच सांगितला आहे, मांडीचा आणि त्याबरोबर नितंबाचाही. वाटीला चिकटपट्टी लावणं किंवा चपलेत आधार घालणं हे सुरुवातीच्या काही आठवड्यांपुरतं मदत करतं. अल्ट्रासाउंडसारख्या मशीनच्या उपचारांची मात्र शिफारस नाही. गरम वाटतं, घटकाभर बरं वाटतं, पण स्नायूला बळ त्यातून येत नाही. ज्याचे रोज पैसे मोजावे लागतात त्याचा उपयोग कमी आणि ज्याचा उपयोग जास्त ते जवळजवळ फुकट, असा हा प्रकार आहे. फुकट गोष्ट शिकवण्यात कुणाचा फायदा नसतो, म्हणून ती गावापर्यंत येत नाही.

यावर बाया एक रास्त शंका काढतात. "दिवसभर राबतोच की आम्ही, अजून व्यायाम कशाला?" काम आणि व्यायाम यांत फरक आहे. कामात तेच सांधे, तोच ताण, आणि कुठं थांबायचं ते बाई ठरवत नाही, मुकादम ठरवतो किंवा चूल ठरवते. व्यायामात ताण थोड्यापासून सुरू करून बेतानं वाढवायचा असतो, मध्ये विसावा असतो, आणि कामात न वापरले जाणारे स्नायूही जागे होतात.

ते व्यायामही अवघड नाहीत. पाय लांब करून बसावं, गुडघ्याखाली लुगड्याची घडी ठेवावी आणि ती गुडघ्यानं दाबून पाच आकडे मोजावेत. पाठीवर झोपून एक पाय सरळ ठेवून वीतभर उचलावा. कुशीवर झोपून वरचा पाय सरळ वर न्यावा. नितंबाच्या बाजूचा स्नायू यानं भरतो. गुडघे दुमडून कंबर जमिनीवरून उचलावी. हे जमू लागलं की भिंतीला पाठ लावून थोडंसंच खाली घसरावं आणि परत वर यावं, मग उंबऱ्याएवढ्या पायरीवर सावकाश चढ-उतार करावी. प्रत्येक प्रकार दहा-दहा वेळा, आठवड्यातून तीनदा तरी, आणि किमान सहा ते बारा आठवडे. करताना थोडं दुखलं तर चालतं. दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणं वाढलेलं असेल तर कमी करायचं. गुडघा सुजला, लाल-गरम झाला, अडकून बसला, मार लागला किंवा ताप आला तर मात्र आधी डॉक्टर. पन्नाशीपुढच्या बायांमध्ये सांध्याची झीजही असू शकते, पण तिथंही स्नायूंचा व्यायाम हाच पहिला उपचार आहे.

पण हे शिकवणार कोण? पहिल्यांदा तपासायला आणि हात धरून शिकवायला फिजिओथेरपिस्ट हवी. पोलिओच्या साथीनंतर 1950 च्या दशकात मुंबईच्या केईएम रुग्णालयात या विषयाचं शिक्षण सुरू झालं. आज राज्यात त्याची कितीतरी महाविद्यालयं आहेत, पण शिकलेली मुलं-मुली शहरात राहतात आणि जतच्या बाईला मिरज-सांगली 80-85 किलोमीटर पडते. 2010 साली सुरू झालेल्या वृद्धांच्या राष्ट्रीय आरोग्य कार्यक्रमात साठीच्या पुढच्यांसाठी अशा उपचारांचा विचार आहे. पस्तिशीतल्या भांगलणाऱ्या बाईचा गुडघा त्या वयात बसत नाही. तालुक्याच्या पूर्व भागात तर अनेक बायांची भाषा कन्नड. मराठी पत्रक वाटून त्यांच्यापर्यंत काय पोचणार?

आणि शिकवलं तरी वेळ कुठला? अर्ध्या तासासाठी बाई घरात आडवी झाली तर सासू विचारते, "बरं नाही का?" आणि नवरा विचारतो, "भाकरी झाली का?" घरातलं काम वाटून घेतल्याशिवाय हा अर्धा तास निघणार नाही. गॅस आला तरी शेगडी जमिनीवरच आहे. ओटा बांधायला घरातला पैसा पुढं होत नाही, मोटरसायकलला होतो. उभ्यानं ढकलायचं सायकल कोळपं आलं तेव्हा ते पुरुषाच्या हातात गेलं. रोपांच्या मधलं तण काढायचं खुरपं राहिलं बाईकडे.

2019 साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांच्या गर्भपिशव्या काढल्याचा प्रश्न पुढं आला आणि नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारला समिती नेमावी लागली. दुखण्याचं मूळ कामात आणि वार मात्र बाईच्या शरीरावर, हे तेव्हा साऱ्या महाराष्ट्रानं पाहिलं. गुडघ्याचं दुखणं तितकं भयंकर दिसत नाही, म्हणून त्याची बातमी होत नाही. पण याच दुखण्यापायी बाई चाळिशीत मजुरीतून बाद होते आणि मग घरातलं तिचं वजनही उतरतं.

म्हणून आपल्या गटांनी तीन गोष्टी हाती घ्याव्यात असं मला वाटतं. आठवड्यातला एक ठरलेला दिवस, बाजारच्या दिवशीच, ग्रामीण रुग्णालयात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात फिजिओथेरपिस्ट बसली पाहिजे, ही मागणी ग्रामसभेच्या ठरावासह लावून धरावी. आशाताईंना हे पाच-सहा व्यायाम मराठीत आणि कन्नडात शिकवले जावेत, आणि त्या कामाचा मोबदला त्यांना मिळावा. तिसरी गोष्ट आपल्याच हातातली आहे. बचत गटाची बैठक संपली की सतरंजी गुंडाळू नका. त्याच सतरंजीवर वीस मिनिटं सगळ्यांनी मिळून पाय उचलायचे. एकटीनं घरात केलं तर तो आळस ठरतो. पंधरा जणींनी समाजमंदिरात केलं की तो कार्यक्रम ठरतो, आणि त्याला नाही म्हणणं कुणालाही अवघड जातं.