चाकांवरचे घर आणि गौरीचे माहेर

भाद्रपद हा आपल्याकडे घरी येण्याचा महिना आहे. शुद्ध चतुर्थीला गजानन येतो. त्याच्या पाठोपाठ अनुराधा नक्षत्रावर गौर येते, ज्येष्ठा नक्षत्रावर तिचे पूजन होते आणि मूळ नक्षत्रावर ती निरोप घेते. कोणी तिला पार्वती मानतात, कोणी महालक्ष्मी म्हणतात. कोणाकडे ती मुखवट्यांची असते, कोणाकडे खड्यांची, तर कोणाकडे तेरड्याच्या रोपांची. रूपे निराळी असली, तरी तिच्याविषयीचा भाव सर्वत्र एकच, माहेरवाशिणीचा. उंबरठ्यापासून देवघरापर्यंत तिची पावले उमटवायची, पहिल्या दिवशी भाजीभाकरीचा आणि दुसऱ्या दिवशी पुरणाचा नैवेद्य दाखवायचा आणि तिसऱ्या दिवशी ओटी भरून तिला पाठवायचे. तिचे येणे, राहणे आणि जाणे या तिन्ही गोष्टी पंचांगाने ठरवून दिल्या आहेत. म्हणूनच तिच्या येण्याचा कोणाला भार वाटत नाही आणि जाण्याने कोणी दुखावत नाही.

२०२५ साली हे गौरीपूजन १ सप्टेंबरला, सोमवारी आले. त्याच दिवशी अमेरिकेत ‘लेबर डे’ची सुटी होती. सप्टेंबरचा पहिला सोमवार हा तेथे उन्हाळी प्रवासाचा अखेरचा मोठा मुहूर्त समजला जातो. त्या सुमारास तेथील महामार्गांवर एक दृश्य सर्रास दिसते. पुढे एक दणकट मोटार आणि तिच्या मागे जोडलेले वीस ते तीस फूट लांबीचे चाकांवरचे घर. त्यात पलंग असतो, शेगडी असते, शीतकपाट असते, न्हाणीघरही असते. या घराला तिकडे ‘ट्रॅव्हल ट्रेलर’ म्हणतात. अशी घरे घेऊन निघणारे सारेच सहलीला निघालेले नसतात. त्यांत दूरच्या राज्यातील मुलाला, लेकीला आणि नातवंडांना भेटावयास निघालेली निवृत्त जोडपीही असतात. आईवडील मुलांकडे जातात, परंतु आपले घर बरोबर घेऊन जातात. या नव्या रीतीचा विचार गौरीच्या सणाच्या निमित्ताने करणे अप्रस्तुत ठरणार नाही.

ही रीत अगदी आजची नव्हे. ‘एअरस्ट्रीम’ या नावाने प्रसिद्ध झालेल्या चकचकीत ट्रेलरचा उद्योग वॉली बायम यांनी १९३१ च्या सुमारास सुरू केला. पुढे १९५६ साली राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या कारकिर्दीत आंतरराज्य महामार्गांचा कायदा झाला, सुमारे ४१ हजार मैलांच्या रस्त्यांची आखणी झाली आणि घर घेऊन फिरणे सामान्य कुटुंबाच्या आवाक्यात आले. कोरोनाच्या साथीने या प्रकाराला मोठी चालना दिली. परक्या खोलीत उतरणे नको आणि विमानातील गर्दीही नको, असे वाटू लागल्यावर लोकांनी या फिरत्या घरांकडे धाव घेतली. २०२१ साली तेथील कारखान्यांतून अशी सर्व प्रकारची मिळून सहा लाख घरे बाहेर पडली. भर ओसरल्यावर, २०२३ साली, हा आकडा सव्वातीन लाखांच्याही खाली उतरला. हौस उतरली, परंतु गरज उरली. ज्यांना खरोखरच दूरच्या आप्तांकडे वारंवार जावयाचे होते, त्यांच्याजवळ ही घरे राहिली.

वृद्ध जोडप्यास या घराचे आकर्षण का वाटावे, हे समजण्यास फार दूर जावे लागत नाही. उतारवयात माणसाला आपले अंथरूण, आपली औषधे, आपले पथ्य आणि आपली उठण्याची वेळ यांची सवय झालेली असते. मुलाचे घर चौकोनी कुटुंबापुरते बांधलेले असते. आजीआजोबा आले म्हणजे एखाद्या नातवंडाची खोली रिकामी करावी लागते. त्यात सोवळेओवळे, उपासतापास आणि पहाटेची पूजा सांभाळणारे जोडपे असेल, तर संकोच अधिकच वाढतो. ट्रेलर हा संकोच दूर करतो. आपली शेगडी, आपली भांडी, आपले देव आणि आपली झोप घेऊन माणूस मुलाच्या दारात उभा राहतो.

आपल्यालाही हे पूर्णपणे नवे नाही. जेजुरीला किंवा पंढरपूरला बैलगाडीने जाणारी आपली मागची पिढी दाणागोटा, वैरण, तवा-परात आणि वळकटी घेऊनच निघत असे. आज पालखीबरोबर जाणाऱ्या दिंडीचा ट्रक हाही तंबू, शिधा आणि भांडी घेऊन चालणारा संसारच असतो. फरक इतकाच की, बैलगाडीत म्हातारी आजी नातवंडाला मांडीवर घेऊन बसत असे. धावत्या ट्रेलरमध्ये मात्र माणसांनी बसणे अनेक राज्यांत निषिद्ध आहे. वाटेत ते घर रिकामेच धावते. त्यात निरांजनही लावता येत नाही. देव पेटीत, मऊ वस्त्रात गुंडाळून ठेवावे लागतात आणि मुक्कामी पोहोचल्यावरच मांडावे लागतात.

या प्रवासाचे कष्टही ध्यानात घेतले पाहिजेत. मोटार आणि ट्रेलर यांचा जोड नीट बसला आहे की नाही, हे प्रत्येक वेळी निघताना तपासावे लागते. वजन नीट विभागले नाही, तर ट्रेलर मागे हेलकावे खाऊ लागतो. कॅलिफोर्नियासारख्या राज्यात ट्रेलर ओढणाऱ्या मोटारीला ताशी ५५ मैलांची मर्यादा आहे. त्यामुळे अनुभवी प्रवासी दिवसाला ३०० मैलांपलीकडे न जाण्याचा आणि दुपारी लवकर मुक्कामाला लागण्याचा सल्ला देतात. मुक्कामी वीज आणि पाणी जोडून घ्यावयाचे, मैलापाण्याची टाकी नेमलेल्या जागीच रिकामी करावयाची आणि एवढे लांब धूड उलट्या दिशेने अरुंद जागेत बसवावयाचे. पतीने चाक धरावे आणि पत्नीने मागे उभे राहून हाताने खुणा कराव्यात, असे हे दोघांचे काम आहे. दोघांपैकी एक जरी थकले, तरी ते घर जागचे हलत नाही.

त्याहून मोठी अडचण मुलाच्या दारातच उभी असते. अमेरिकेतील अनेक निवासी वसाहतींच्या नियमांत ट्रेलर घरासमोर उभा ठेवण्यास बंदी असते, किंवा फार थोड्या काळाची मुभा असते. मग हजार मैल ओलांडून आलेल्या आईवडिलांना गावाबाहेरच्या सशुल्क तळावर उतरावे लागते, आणि तेथून दिवसा मुलाकडे जाऊन रात्री परतावे लागते. अंतर हजार मैलांवरून दहा मैलांवर आले खरे, पण उंबरठा पुन्हा मध्ये राहिलाच.

हा प्रश्न आता आपल्याच माणसांच्या दारी आला आहे. १९६५ साली अमेरिकेचा स्थलांतराचा कायदा बदलला आणि सुशिक्षित भारतीयांना तेथे जाण्याची वाट खुली झाली. १९६९ साली शिकागोत महाराष्ट्र मंडळ उभे राहिले, १९७७ साली न्यूयॉर्कच्या फ्लशिंग भागात गणेशमंदिराची प्रतिष्ठा झाली आणि १९८१ साली बृहन्महाराष्ट्र मंडळाची स्थापना झाली. ज्यांनी ही मंडळे उभारली आणि शनिवार-रविवार गाठून गणपती बसवले, ते तरुण आज सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. आपली मुले एका राज्यात आणि आपण दुसऱ्या राज्यात, ही स्थिती त्यांच्या वाट्याला आली आहे. आपल्या आईवडिलांना भारतात सोडून आलेली ही पिढी आता स्वतः मुलांच्या दारी जाणारी पिढी झाली आहे.

कोकणातील चित्र पाहिले, म्हणजे फरक स्पष्ट होतो. तेथे गणपती मूळ घरातच बसतो. देवाची जागा अढळ असल्यामुळे माणसांना तिच्याकडे यावे लागते. २०२५ च्या उत्सवासाठी राज्य परिवहन मंडळाने सुमारे ५ हजार जादा गाड्या सोडण्याची व्यवस्था केली. कोकण रेल्वेने कोलाड ते वेर्णा या मार्गावर मोटारी मालगाडीवर चढवून नेण्याची सेवा प्रथमच सुरू केली. मुंबई-गोवा महामार्गाचे २०११ साली सुरू झालेले चौपदरीकरण तोवरही पुरे झाले नव्हते. तरी खड्डे आणि कोंडी सोसून चाकरमानी गावी गेलाच. येथे मुले आईवडिलांकडे जातात. तिकडे आईवडील मुलांकडे जातात, कारण सर्वांना बोलावून घेणारे मूळ घरच उरलेले नाही. महाराष्ट्र शासनानेही २०२१ साली कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले आहे. परंतु त्याचा हेतू निवासाची सोय नसलेल्या रम्य स्थळी पर्यटकांना नेण्याचा आहे. विखुरलेले कुटुंब जोडणे हे त्याचे काम नव्हे, आणि ते शासनाकडून अपेक्षिणेही योग्य नव्हे.

मग धर्मदृष्ट्या या चाकांवरच्या घराकडे कसे पाहावे? तैत्तिरीय उपनिषदाच्या शिक्षावल्लीत गुरू शिष्याला निरोप देताना माता, पिता, आचार्य आणि अतिथी या चौघांना देव मानण्यास सांगतो. चौघे एकाच ओळीत आहेत, पण चौघांची नावे वेगळी आहेत. मनुस्मृतीने अतिथीची व्याख्या एका रात्रीच्या मुक्कामाने केली आहे. अतिथी हा जाणारा असतो. मातापिता हे जाणारे नव्हेत. चाकांवरच्या घराने नकळत घडते ते हे की, माता आणि पिता अतिथीच्या स्थानी जाऊन बसतात. ते दिवस मोजून येतात, आपले पाणी आणि शिधा घेऊन येतात आणि कोणाला तोशीस न लावता निघून जातात. मुलगा सत्कार करतो, सूनही अगत्य करते. उणे कशातच नसते. तरीही नाते एका पायरीने खाली उतरलेले असते.

याचा अर्थ ही जोडपी चुकतात, असा मात्र नव्हे. उतारवयात मुलांच्या संसारातून अलिप्त होणे हा आपल्याच आश्रमधर्माचा उपदेश आहे. केस पिकले आणि नातवंडाचे मुख पाहिले की गृहस्थाने वनाकडे वळावे आणि हवे तर पत्नीला बरोबर घ्यावे, असे मनूनेच सांगितले आहे. स्वाभिमानाने, कोणावर न विसंबता, दोघांनी मिळून वाट चालावी, यात या आश्रमाची छाया दिसते. त्या स्वावलंबनाचा मुलांनी आदरच करावयास हवा. रात्र ज्याने त्याने आपल्या छपराखाली काढावी, यातही काही बिघडत नाही. परंतु सणाच्या दिवशी चूल एकच असली पाहिजे. ट्रेलरमध्ये एक नैवेद्य आणि घरात दुसरा, असे होऊ नये. आजीच्या पेटीतले देव त्या दिवशी मुलाच्या देवघरात मांडले जावेत आणि पुरण तिच्या हाताखाली नातीने शिजवावे. जेथे वसाहतीचे नियम आड येतात, तेथे मंदिरांच्या विश्वस्तांनीही विचार करावा. तिकडील अनेक मंदिरांची वाहनतळे प्रशस्त असतात. स्थानिक नियमांत बसत असेल, तेथे उत्सवाच्या दिवसांत वृद्ध यात्रेकरूंच्या फिरत्या घरांना एखादा कोपरा देणे हे अन्नछत्राइतकेच पुण्याचे काम ठरेल.

मात्र खरी कसोटी याच्या पुढची आहे. ट्रेलर ओढण्यास नजर लागते, मनगटात बळ लागते आणि दुसऱ्याची साथ लागते. एक दिवस यांतील एकेक गोष्ट कमी होते आणि मोटारीची किल्ली खाली ठेवावी लागते. इतकी वर्षे आईवडील आपले छप्पर घेऊन येत होते; त्यामुळे त्यांच्यासाठी घरात जागा ठेवण्याची सवयच मुलांना लागलेली नसते. त्या दिवशी जागा शोधू गेल्यास ती सापडत नाही. आपल्या देशात २००७ साली आईवडिलांच्या निर्वाहाचा कायदा झाला. पण कायदा पोटगी देववील, पंक्तीतले पान मांडणे त्याच्या हाती नाही.

गौर तिसऱ्या दिवशी जाते, याचे आपल्याला दुःख होते. पण चिंता वाटत नाही, कारण तिला परत जाण्यास कैलास आहे. आईवडिलांचा कैलास जेव्हा चाकांवर असतो, तेव्हा ती चाके थांबल्यावर त्यांनी कोठे जावे, याचे उत्तर मुलांनी आधीच देऊन ठेवले पाहिजे. ते उत्तर आजारपणाच्या घाईत द्यावयाचे नसते. यंदा गौरी जेवत असताना, सारे घर एकत्र असताना, मुलाने आणि सुनेने, लेकीने आणि जावयाने ते मोकळेपणाने बोलून दाखवावे. खोली लहान असली तरी चालेल, पण ती कोणती, हे आईवडिलांना त्यांच्या हातात किल्ली असतानाच कळले पाहिजे. मग ते हवी तितकी वर्षे, हव्या त्या वाटेने, आपले घर घेऊन निर्धास्तपणे फिरतील.