साठीनंतरचे यंत्र : लोडर घेण्याआधी चार शब्द

(एका सभासदाकडून)



यंत्र घेताना आपण तीन गोष्टी विचारतो. अश्वशक्ती किती, डिझेल किती खाते आणि पाव्हण्याने कोणते घेतले. चालवणार कोण, त्याचे वय काय, त्याचा गुडघा किती वाकतो, हे मात्र कुणी विचारीत नाही. विक्रेता विचारणार नाही, त्याला काय पडले आहे? पोरगा विचारणार नाही, कारण तो पुण्यात नोकरीला आहे आणि हप्ता भरण्यापुरताच या व्यवहारात आहे. आणि आपण स्वतः विचारीत नाही, कारण आपल्याला वाटते आपण अजून चाळिशीतच आहोत.

वस्तुस्थिती अशी आहे की आज गावात ट्रॅक्टरच्या सीटवर जो माणूस बसतो तो बहुतेक वेळा साठीच्या घरातला असतो. तरणा गडी मिळत नाही, मिळाला तर टिकत नाही. म्हणून हल्ली काही सभासद शेणखत, कंपोस्ट, प्रेसमड भरण्यासाठी छोटा लोडर घ्यावा या विचारात आहेत. बांधकामावर दिसतो तो आखूड, चार चाकांचा, जागच्या जागी गर्रकन वळणारा स्किड लोडर पाहून पुष्कळांना मोह पडला आहे. मोह वाईट नव्हे, पण तो तपासून घ्यावा.

मुळात हे यंत्र गोठ्यासाठीच जन्मले, हे फार थोड्यांना ठाऊक असेल. अमेरिकेत मिनेसोटा राज्यातल्या रॉथसे या लहान गावी सिरिल आणि लुई केलर या दोन भावांचे लोहारकामाचे वर्कशॉप होते. जवळच्या एका टर्की पाळणाऱ्या शेतकऱ्याची अडचण अशी की त्याच्या दुमजली खुराड्यात मधोमध खांब, वरचा मजला लाकडी, आणि विष्ठा काढायची फावड्याने. मोठे यंत्र आत वळेना आणि वरचा मजला त्याचे वजन पेलेना. या भावांनी 1957 साली तीन चाकांचा हलका लोडर करून दिला. पुढे 1958 साली मेलरो कंपनीने तो उचलला, 1960 साली त्याला चौथे चाक आले आणि 1962 पासून ‘बॉबकॅट’ हे नाव लागले. म्हणजे अडचणीच्या जागेतली घाण काढायची, ही त्याची जात. उघड्या रानात, ओल्या काळ्या जमिनीत पळायचे ही त्याची जात नव्हे. एवढे ध्यानात ठेवले तरी निम्मे पैसे वाचतात.

कसे ते सांगतो. या यंत्राची चाके ट्रॅक्टरसारखी वळत नाहीत. एका बाजूची चाके थांबतात किंवा उलटी फिरतात, दुसऱ्या बाजूची पुढे जातात, आणि सगळे यंत्र जमिनीवर घासत वळते. सिमेंटच्या कोब्यावर ठीक. उसाच्या सरीत किंवा वाफसा नसलेल्या रानात ते माती उकरते, रुतते, आणि वाटेत ठिबकची नळी आली तर तिचा निकाल लागलाच म्हणून समजा. तेव्हा ‘लोडर घेतला की शेतातली पण कामे होतील’ हे कुणी सांगितले तर चहा पाजून वाटेला लावावा.

आता हिशेब. उसाला हेक्टरी 25 टन शेणखत घालावे अशी शिफारस आहे, म्हणजे एकरी 10 टन. चार एकर लागणीला 40 टन. लहान लोडरची बकेट 300 किलोच्या आसपास भरते असे धरले तर सव्वाशे-दीडशे बकेट झाल्या. ट्रॉली येण्याजाण्याचा खोळंबा धरूनही हे काम फार तर दोन दिवसांचे. वर्षातल्या दोन दिवसांसाठी नव्या ट्रॅक्टरपेक्षाही पुष्कळ महाग यंत्र दारात उभे करायचे? गावात तासावर जेसीबी मिळतो. तो बोलवावा, खत भरून घ्यावे, पैसे द्यावेत. चार-सहा जनावरे आणि पाच-सात एकर ऊस असणाऱ्या सभासदाने स्किड लोडर विकत घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे, आणि अशा सभासदांचीच संख्या आपल्याकडे जास्त आहे.

मग कुणी घ्यावा? ज्याच्या गोठ्यात तीस-चाळीस जनावरे आहेत त्याने. एक जनावर दिवसाला पंधरा-वीस किलो शेण टाकते. चाळीस जनावरांचे सहाशे ते आठशे किलो, तेही रोज, दिवाळी असो की पोळा. इथे यंत्राला रोजचे काम आहे. आणि इथेच एक गोष्ट बोललीच पाहिजे, जी आपल्या सभांमधून कधी बोलली जात नाही. हे शेण आज काढते कोण? आपल्या घरातल्या बायका. पहाटे उठून पाटी भरायची, डोक्यावर घ्यायची, उकिरड्यावर नेऊन टाकायची. नांगरटीला ट्रॅक्टर आला, मळणीला यंत्र आले, शेणाला मात्र अजून पाटीच. पुरुषाच्या कामाला कर्ज निघते आणि बाईच्या कामाला ‘त्यात काय एवढं’ असे म्हणतात. पन्नाशी-साठीच्या बाईची मान आणि कंबर कशाने गेली हे डॉक्टरला विचारायची गरज नाही.

म्हणून ज्या घरात लोडर खरोखर कामाचा आहे, तिथे तो चालवणारी व्यक्ती कदाचित घरधनीण असेल, हे धरूनच यंत्र निवडावे. हसू नका. आजच्या यंत्राला दोन बोटांनी हलणारे दांडे असतात, ताकदीचा प्रश्न उरलेला नाही. प्रश्न आहे तो चढण्या-उतरण्याचा.

होय, चढण्या-उतरण्याचा. स्किड लोडरची मोठी खोड हीच आहे. दोन्ही बाजूंना आर्म असल्यामुळे बहुतेक यंत्रांत शिरायची वाट समोरून, म्हणजे बकेटवर पाय देऊन, वाकून आत. बकेट शेणाने माखलेली, पायात चप्पल, नाकावर दुहेरी भिंगाचा चष्मा, ज्यातून खाली पाहिले की पायरी नेमकी कुठे आहे ते धूसर दिसते. तरणा माणूस दिवसातून वीस वेळा उडी मारून आतबाहेर करील. आपल्या वयाला वीस वेळा म्हणजे वीस संधी पडण्याच्या. जेसीबी कंपनीने एकाच बाजूला आर्म असलेला लोडर काढला आहे, त्याला बाजूने दार आहे. हा प्रकार महाग की स्वस्त ते बाजूला ठेवा, पण वयस्कर माणसाने तो एकदा तरी बसून पाहिल्याशिवाय दुसऱ्याचा सौदा करू नये. समोरूनच शिरायचे असेल तर पायरीला खरखरीत पत्रा आहे का, दोन्ही हातांना धरायला दांड्या आहेत का, हे पाहावे. आणि धोतराचा सोगा किंवा साडीचा पदर मोकळा ठेवून कुणीही यंत्रावर चढू नये, हे सांगायला नको इतके साधे आहे, तरी सांगतो.

बसल्यावर काय पाहावे? यंत्र आखूड असते आणि खाली स्प्रिंगा नसतात, त्यामुळे प्रत्येक खड्डा थेट मणक्यात येतो. बाकी कशाला नको, पण सीटला पैसे द्या. हवेवर किंवा स्प्रिंगवर चालणारी सीट मागून घ्या. दांड्यांचे दोन प्रकार असतात. जुन्या धर्तीत हाताने चालवायचे आणि आर्म-बकेट पायाच्या पेडलने उचलायची, नव्यात सगळे हातात. गुडघा धरलेल्याने पेडलचे यंत्र घेऊ नये. बोटे आखडलेल्याने दोन्ही प्रकार तासभर चालवून ठरवावे. तासभर म्हणजे तासभर, शोरूमच्या आवारात एक फेरी नव्हे. कंबर पाचव्या मिनिटाला बोलत नाही, चाळिसाव्याला बोलते.

मान हा तिसरा विषय. या यंत्राचे इंजिन मागे असते, मागचे दिसत नाही, आणि गोठ्यात मागे वासरू असते किंवा नातू. मान वळत नसेल तर मागे कॅमेरा बसवून घेणे ही चैन नव्हे. चढावर तर मान वळणे भागच पडते, कारण तिथला नियम असा आहे की जड बाजू नेहमी चढाकडे ठेवायची. बकेट भरलेली असेल तर पुढून चढायचे. रिकामी असेल तर इंजिनची बाजू जड, म्हणून उलटे, मागे पाहत चढायचे. आपला उकिरडा बांधाच्या वरच्या अंगाला असेल तर हे रोजचे दुखणे आहे. त्यापेक्षा उकिरड्याची जागा बदलणे स्वस्त.

वजनाबाबतही विक्रेत्याच्या बोलण्यावर जाऊ नये. चाकाच्या स्किड लोडरला जितक्या वजनाने तो पुढे कलंडतो त्याच्या निम्मे वजन ही उचलण्याची मर्यादा मानतात. तक्त्यात दोन आकडे असतात आणि विक्रेता मोठ्यावर बोट ठेवतो. वाळलेले कंपोस्ट आणि ओले प्रेसमड यांच्या वजनात किती फरक आहे ते पाटी डोक्यावर घेतलेल्याला सांगावे लागत नाही. उंचीचेही तसेच. तक्त्यात बहुधा बकेट जिथे खिळ्यावर फिरते तिथवरची उंची दिलेली असते, आणि ओतताना बकेटचा ओठ त्याच्या बराच खाली येतो. तेव्हा घरच्या ट्रॉलीची उंची जमिनीपासून फाळक्यापर्यंत टेपने मोजून कागद खिशात घालून जावे.

पाचटाबद्दल एक सूचना. आपल्याकडे अंगणात, रस्त्यात सगळीकडे वाळले पाचट असते. ते इंजिनच्या कप्प्यात शिरते आणि तापलेल्या धुराड्याला लागून पेट घेते. रोज संध्याकाळी इंजिन थंड झाल्यावर तो कप्पा हवेने साफ केला पाहिजे, आणि आग विझवायचा सिलिंडर केबिनमध्ये हवाच. मागचे झाकण उघडायला किती जोर लागतो तेही घेतानाच पाहा. जे काम अवघड असते ते म्हातारा माणूस उद्यावर टाकतो.

सीटसमोरचा आडवा दांडा खाली केल्याशिवाय आर्म हलत नाही, अशी या यंत्रात योजना असते. आपल्याकडचे मिस्त्री ती ‘कटकट’ म्हणून वायर जोडून बंद करून देतात. असे करणाऱ्या मिस्त्रीला पुन्हा दारात उभे करू नये. उचललेल्या आर्मखाली, टेकू लावल्याशिवाय, नळी गळते का पाहायला म्हणूनसुद्धा वाकू नये. हायड्रॉलिकची नळी फुटायची झाली तर ती आपले वय पाहत नाही.

काही जण म्हणतील, एवढी यातायात कशाला, आहे त्या ट्रॅक्टरलाच पुढे लोडर बसवू. मधल्या शेतकऱ्याला हा मार्ग मला जास्त पसंत आहे. चढायला ओळखीची पायरी, बसायला ओळखीची सीट, आणि लोडर काढून ठेवला की ट्रॅक्टर नांगरटीला मोकळा. मात्र भरणीच्या कामात मिनिटाला दोनदा पुढे-मागे करावे लागते, म्हणजे क्लचवर डावा पाय सतत. ज्याचा डावा गुडघा गेला आहे त्याला हे काम अर्ध्या तासात नको होईल. पॉवर स्टिअरिंग नसलेल्या जुन्या ट्रॅक्टरला लोडर लावूच नये. पुढच्या आसावर भार आला की ते चाक खांद्यातून वळवावे लागते. आणि मागे पुरेसे वजन टांगल्याशिवाय बकेट उचलली तर मागची चाके हलकी होतात. त्या वेळी रस्ता उताराचा असला म्हणजे संपलेच.

माझे म्हणणे असे की आपल्या कार्यक्षेत्रात लोडर हा एकेका घराने घ्यायचा विषय नाही. सात-आठ गोठेवाल्यांनी मिळून, किंवा गावच्या अवजार बँकेने एक घ्यावा. पण एकत्र घेतलेल्या यंत्राचे काय होते हे आपण सगळे जाणतो. डिझेल टाकायला कुणी नाही आणि न्यायला सगळे. म्हणून तासाची वही, एकच जबाबदार चालक आणि दुरुस्तीचा वेगळा निधी या गोष्टी आधी ठरवाव्यात, नारळ मागाहून फोडावा. चालक तरणा मिळाला तर उत्तम. नाही मिळाला तर आपल्यातलाच कुणी बसेल, पण त्याने आधी डोळे तपासून यावे.

कारखान्याच्या शेतकी विभागास विनंती आहे की गाळप हंगाम संपल्यावर, कंपोस्ट वाटप सुरू होण्यापूर्वी, कंपोस्ट यार्डवर दोन-तीन प्रकारच्या लोडरचे प्रात्यक्षिक ठेवावे. विक्रेत्यांची भाषणे नकोत. पन्नाशीच्या वरच्या सभासदांना आणि त्यांच्या घरातील महिलांना प्रत्येकी अर्धा तास सीटवर बसू द्यावे, घरची ट्रॉली आणू द्यावी, आणि कोण कितीदा न अडखळता चढला-उतरला याची नोंद चिटबॉयने ठेवावी. ती नोंद पुढच्या अंकात छापली तर आकड्यांच्या तक्त्यापेक्षा आम्हाला जास्त उपयोगी पडेल.