नोकरी शेंद्र्यात, आणि बस?

नोकरीच्या जाहिरातीत पगार, शिक्षण, वय यांच्या खाली बऱ्याचदा एक छोटी ओळ असते : 'स्वतःची दुचाकी असणं आवश्यक'. आपण ती वाचून पुढे जातो. पण त्या ओळीचा अर्थ लावून पाहा. कंपनी म्हणते, काम आम्ही देऊ, कामापर्यंत पोहोचणं तुमचं तुम्ही बघा. ज्याच्या घरात बाइक नाही, ज्या मुलीला गाडी चालवू दिलेली नाही, ज्याचं लायसन्स अजून निघालेलं नाही, तो मुलाखतीच्या आधीच बाद.

औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, हा प्रश्न येत्या काही वर्षांत फार मोठा होणार आहे. दिल्ली-मुंबई औद्योगिक कॉरिडॉरमधली 'ऑरिक' ही नवी उद्योगनगरी शहराच्या दोन टोकांना वसते आहे. जालना रस्त्यावर शेंद्रा, पैठण रस्त्यावर बिडकीन, दोन्ही मिळून सुमारे दहा हजार एकर. शेंद्र्यातल्या ऑरिक हॉलचं उद्घाटन पंतप्रधानांच्या हस्ते ७ सप्टेंबर २०१९ रोजी झालं. त्याच दिवशी तिथे बचत गटांच्या महिलांचा राज्यस्तरीय मेळावाही झाला. नंतर, २०२४ मध्ये, टोयोटा किर्लोस्करने सुमारे वीस हजार कोटींच्या गुंतवणुकीचा करार राज्य सरकारशी केला आणि आठ हजार थेट नोकऱ्यांचा आकडा सांगितला गेला. एथर या इलेक्ट्रिक स्कूटरच्या कंपनीनेही बिडकीनला कारखाना जाहीर केला, तिथे चार हजार नोकऱ्या. आकडे मोठे आहेत, आनंदाचेही आहेत. आपल्या मोहल्ल्यांतून आयटीआय, डिप्लोमा करून बाहेर पडणाऱ्या पोरांनी या आकड्यांवर डोळे लावून बसावं, हे साहजिक आहे.

पण रोशन गेटहून शेंद्रा पंधरा-सोळा किलोमीटर आहे, आणि बिडकीन त्याहून लांब.

आता हिशोब मांडू. समजा एका मुलाला चौदा हजारांची नोकरी लागली. जाऊन-येऊन तीस किलोमीटर. बाइक लिटरला पन्नास किलोमीटर देते असं धरलं आणि पेट्रोल शंभरच्या आसपास धरलं, तर रोजचे साठ रुपये. सव्वीस दिवसांचे पंधराशे-सोळाशे. गाडी हप्त्यावर घेतली असेल तर हप्ता अडीच-तीन हजारांचा. वर सर्व्हिसिंग, टायर, विमा. म्हणजे पगारातला जवळजवळ तिसरा हिस्सा कामावर पोहोचण्यातच जातो. बिडकीन असेल तर आणखी जास्त. घरी आई विचारते, एवढं कमावतोस तर उरत का नाही? त्याचं उत्तर जालना रस्त्यावर धुरात उडून गेलेलं असतं.

आणि धोका वेगळाच. देशात २०२२ साली रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसं मेली, त्यातले जवळपास ४५ टक्के दुचाकीवरचे होते. महामार्गावर, ट्रक आणि टँकरांच्या मधून, रात्रपाळी करून झोपेत गाडी चालवणारा पोरगा हा कुठल्याही औद्योगिक वसाहतीचा ओळखीचा चेहरा आहे. त्याला आपण 'मेहनती' म्हणतो. त्याला बस मिळायला हवी होती, असं म्हणणारे कमी.

इथे कुणी म्हणेल, ऑरिकच्या आराखड्यात हे सगळं धरलेलं आहे. आहेच. साठ टक्के जमीन उद्योगांना, उरलेली घरं, दुकानं, शाळा, मोकळ्या जागांसाठी. घराजवळ काम, कामावर चालत जा, अशी कल्पना. रुंद रस्ते, फुटपाथ, सायकल मार्ग. कागदावर ही कल्पना चांगली आहे आणि तिची थट्टा करायची माझी इच्छा नाही. (मे महिन्यातल्या मराठवाड्यात दुपारी तीनला पाळी सुटल्यावर सावली नसलेल्या सायकल मार्गावरून कोण जाणार, हा प्रश्न मात्र आराखडा करणाऱ्याने स्वतः एकदा तिथे सायकल चालवून सोडवावा.)

माझी अडचण दुसरी आहे. कामाजवळ राहायला जाणं प्रत्येकाला सारखं सोपं नसतं. नव्या वसाहतीत घर घ्यायला पैसे लागतात, हे एक. भाड्याने घ्यायचं तर आडनाव विचारलं जातं, हे दुसरं. वाचणाऱ्यांपैकी कित्येकांनी 'घर नुकतंच दिलं हो' हे वाक्य फोनवर नाव सांगितल्यानंतरच्या त्या छोट्या शांततेनंतर ऐकलं असेल. २०११ च्या जनगणनेनुसार या शहरात मुस्लिम लोकसंख्या तीस टक्क्यांच्या आसपास आहे, आणि त्यातला मोठा भाग जुन्या शहरात आणि त्याला लागून असलेल्या वस्त्यांत राहतो. तिथे नातेवाईक आहेत, मदरसा आहे, शाळा आहे, उधारी देणारा किराणावाला आहे, आणि तिथे घर मिळतं. भाड्याच्या बाजारातला हा भेदभाव मोडायलाच हवा, ती लढाई वेगळी आणि लांबची आहे. तोवर 'कामाजवळ राहा' हा सल्ला आपल्यासाठी अर्धाच आहे. जो जिथे राहतो तिथून त्याला कामापर्यंत नेणारी बस, हा दुसरा अर्धा भाग. आराखड्यात तो ठळक अक्षरात असायला हवा.

मुलींचं काय? सच्चर समितीने २००६ मध्येच नोंदवलं होतं की काम करणाऱ्या मुस्लिम महिलांमध्ये घरी बसून काम करणाऱ्यांचं प्रमाण इतरांपेक्षा बरंच जास्त आहे. शिवण, जरीकाम, पॅकिंग, मिळेल त्या मजुरीवर. त्यावर दोन उत्तरं तयार असतात. बाहेरचे म्हणतात, तुमचा समाजच मुलींना सोडत नाही. घरातले म्हणतात, जमाना खराब आहे. सगळा दोष रस्त्यांचा आणि बसचा आहे असं मी म्हणणार नाही, आपल्या घरांतल्या बंधनांवर आपण याच पानांवर भांडलो आहोत आणि भांडत राहू. पण एखाद्या अब्बूंचं 'नको' जवळून ऐका. ते बहुतेक वेळा कामाला नसतं, ते रात्री फाट्यावर वाट बघत उभं राहण्याला असतं. फाट्यापासून गेटपर्यंतच्या दीड-दोन किलोमीटर अंधाराला असतं. काळी-पिवळीत पंधरा जणांत कोंबून बसण्याला असतं. रोजची, वेळेवर येणारी, मोहल्ल्याच्या तोंडाशी सोडणारी बस असेल, त्यात शेजारच्या आणखी दोन मुली असतील, तर त्या 'नको'तलं निम्मं बळ निघून जातं. मग उरलेल्या निम्म्याशी वाद घालता येतो.

कायदा इथे थोडी मदत करतो, पण थोडीच. दुकानं आणि आस्थापनांच्या २०१७ च्या राज्य कायद्यानुसार रात्री साडेनऊनंतर महिलेला कामावर ठेवायचं तर तिची संमती लागते आणि घरापर्यंतच्या वाहतुकीची सोय करावी लागते. कारखान्यांतल्या रात्रपाळीलाही महिलांच्या सुरक्षेच्या अटी आहेत. पण वेअरहाऊसमधून रात्री नऊला सुटणाऱ्या मुलीला? घड्याळात ती अजून 'दिवसात' आहे. एसटीत महिलांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, पण जालन्याहून भरून येणारी जलद गाडी रात्री शेंद्रा फाट्यावर थांबेलच असं नाही. सवलत तिकिटावर मिळते, थांब्यावर नाही.

शहरात स्मार्ट सिटी योजनेतून बससेवा आली, ती चांगलीच गोष्ट झाली. पण ते केंद्राचं मिशन मार्च २०२५ मध्ये संपलं. आता ऑरिक चालवणारी कंपनी वेगळी (त्यात एमआयडीसीचा वाटा ५१ टक्के आणि केंद्राच्या ट्रस्टचा ४९ टक्के), शहर बस वेगळ्यांची, एसटी महामंडळाची, महामार्ग प्राधिकरणाचा, आणि कंपन्यांच्या बस त्यांच्या त्यांच्या. कायमच्या कामगारांसाठी कंपनीची बस असते, कंत्राटी पोराला तिच्यात पाय ठेवता येत नाही, हे अनेक वसाहतींत दिसतं. आणि नव्या नोकऱ्यांतल्या बऱ्याचशा कंत्राटीच असणार.

इतक्या जणांत मिळून जबाबदारी कोणाचीच नसते तेव्हा काय होतं, हे पाहायला लांब जायला नको. पुण्याचं हिंजवडी बघा. नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून आयटी पार्क वाढत गेला, आधी कंपन्या आल्या, मग गाड्या आल्या, मग कोंडी आली, आणि मेट्रोची पायाभरणी झाली डिसेंबर २०१८ मध्ये. हिंजवडी ते शिवाजीनगर, २३ किलोमीटर. तोपर्यंत एका पिढीच्या इंजिनिअरांची तरुणपणातली काही वर्षं वाकडच्या पुलाजवळ ब्रेक लाइटकडे बघण्यात गेली होती. ते निदान एसी गाडीत होते. शेंद्र्याचा फिटर उन्हात असेल.

औरंगाबादेतही वाळूज ते शेंद्रा अखंड उड्डाणपूल आणि मेट्रो यांची चर्चा काही वर्षं चालू आहे. मेट्रो झाली तर हवीच. पण उड्डाणपुलाने गाडीवाल्याची दहा मिनिटं वाचतील, बिनगाडीवाल्याला तो फक्त खालून दिसेल. बस मात्र या वर्षीही सुरू करता येते. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने पीएम ई-बस सेवा ही दहा हजार इलेक्ट्रिक बसची योजना मंजूर केली. अशा बस शहराला मिळतील तेव्हा पहिल्या मार्गांमध्ये शेंद्रा आणि बिडकीन असावेत, आणि वेळापत्रक पाळीच्या भोंग्यावर बेतलेलं असावं. पाळी सातला असेल तर बस साडेसहाला गेटवर हवी, सव्वासातला पोहोचणारी बस असून नसल्यासारखी.

बिडकीनच्या त्या दोन कंपन्यांच्याच बारा हजार नोकऱ्या घ्या. तीन पाळ्यांत वाटल्या तर एका पाळीला चार हजार माणसं. सगळे दुचाकीवर आले तर पैठण रस्त्यावर चार हजार गाड्या येणार आणि त्याच वेळी चार हजार परतणार. पन्नास जणांच्या बसने हेच काम ऐंशी फेऱ्यांत होतं. आणि गंमत अशी की त्यातल्या एका कारखान्यात विजेवर चालणाऱ्या स्कूटर बनणार आहेत, जगाला प्रदूषणापासून वाचवण्यासाठी. त्या बनवायला येणारे कामगार पेट्रोल जाळत येतील.

पैसे कुठून येणार, हा पहिला आक्षेप असेल. कंपन्या आज पार्किंगवर पैसे घालतातच. जमीन देतात, शेड बांधतात, वॉचमन ठेवतात, आणि ते फुकट वापरायला देतात. बाइकवाल्याला फुकट जागा आणि बसवाल्याला काही नाही, ही सुद्धा सवलतच आहे, फक्त तिला कुणी सवलत म्हणत नाही. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅम शहराने २०१२ पासून कामाच्या ठिकाणच्या पार्किंगवर मालकांकडून शुल्क घ्यायला सुरुवात केली आणि तो पैसा ट्रामसारख्या सार्वजनिक वाहतुकीत घातला. आपल्याकडे तेच जसंच्या तसं करा असं नाही. पण प्लॉट देतानाच करारात अट घालता येते : इतके कामगार, तर सामायिक बस निधीत इतका वाटा, आणि त्या बसमध्ये कायम-कंत्राटी असा फरक नाही. प्लॉट वाटून झाल्यावर ही अट घालता येत नाही, म्हणून घाई आहे.

शेंद्र्याला आणखी एक सोय आहे जिच्याबद्दल फारसं बोललं जात नाही. रेल्वे. मुकुंदवाडी, चिकलठाणा आणि पुढे करमाड ही स्थानकं जालना रस्त्याच्या जवळून जाणाऱ्या लोहमार्गावरच आहेत. परभणीपर्यंतच्या दुहेरीकरणाला केंद्रीय मंत्रिमंडळाने जुलै २०२५ मध्ये मंजुरी दिली. दुसरा रूळ पडल्यावर तो फक्त लांबच्या गाड्यांना आणि मालगाड्यांना द्यायचा, की पाळीच्या वेळेला सकाळ-संध्याकाळ एक कामगार लोकलही सोडायची, हे आत्ता ठरवायचं आहे. स्थानकाबाहेर गेटपर्यंत मिनीबस लागेल, तिचाही विचार त्याच कागदावर व्हावा.

हे कोणी मागायचं? कामगार संघटना अजून तिथे नाहीत, कारण कामगारच अजून आलेले नाहीत. नगरसेवकाला त्याच्या वॉर्डाच्या बाहेरची बस दिसत नाही. म्हणून ज्यांना उद्या तिथे कामाला जायचं आहे त्यांनीच आज विचारायला हवं. आपल्या आयटीआयमधल्या, पॉलिटेक्निकमधल्या, मोहल्ल्यातल्या मुला-मुलींची एक साधी यादी करा. कोण कुठे राहतं, गाडी आहे का, कुठल्या पाळीला जाता येईल, घरून परवानगी कशावर अडते. नावं नकोत, गल्ली पुरे. पन्नास जणांची यादी झाली तरी तो नकाशा होतो, आणि बसचा मार्ग नकाशावरूनच आखला जातो. यादीत फक्त आपलेच नकोत. मिसारवाडी, मुकुंदवाडी, नारेगाव इथल्या बाकीच्या पोरांची अडचण तीच आहे, आणि बस एका समाजासाठी धावत नाही.

सोबत माहिती अधिकाराचा अर्ज टाका, दहा रुपयांचा. तीन प्रश्न पुरेत. शेंद्रा आणि बिडकीनसाठी सार्वजनिक वाहतुकीचा मंजूर आराखडा आहे का, असल्यास त्याची प्रत द्यावी. प्लॉट वाटपाच्या करारात कामगारांच्या वाहतुकीची कोणती अट आहे? या दोन ठिकाणी शहर बसच्या सध्या रोज किती फेऱ्या होतात, आणि शेवटची फेरी किती वाजता सुटते? उत्तर तीस दिवसांत द्यावं लागतं. ते आलं की यादीसोबत जोडून महापालिका आयुक्तांच्या टेबलावर ठेवायचं, आणि त्याची एक प्रत मुकुंदवाडीच्या स्टेशन मास्तरांकडेही द्यायची.