शालेय संगीताचे वर्ष

जूनमध्ये शाळा उघडल्या की आषाढीच्या दिंडीसाठी टाळ शोधले जातात, पंधरा ऑगस्टसाठी घाईघाईने समूहगीत बसविले जाते, सूर्य हस्त नक्षत्रात गेला की मुलींचा हादगा रंगतो, हिवाळ्यात स्नेहसंमेलनाची धांदल उडते, आणि सव्वीस जानेवारी उलटली की पेटी पुन्हा कपाटात जाते. मलकापूर-कराडकडील पुष्कळ शाळांतून संगीताचे वर्ष एवढ्यातच आटोपते, ही स्थिती मला अत्यंत शोचनीय वाटते.

संगीतशिक्षणाचे खरे कार्य या समारंभांच्या मधल्या, कोणाचे लक्ष नसलेल्या आठवड्यांत घडते. चाळीस कंठांनी एकच षड्ज धरावा, शेजाऱ्याचा स्वर ऐकून आपला सावरावा, हे पंधरवड्याच्या तालमीत साध्य होत नाही. त्यातही आठवी-नववीत मुलांचा आवाज फुटतो, तेव्हा त्यांना गायनातून वगळण्याचा शिरस्ता आहे. परंतु जाणता शिक्षक मुलींची काळी चार-पाच वेगळी ठेवून या मुलांसाठी पट्टी खाली उतरवतो, काही महिने मंद्रात सावकाश गाऊन घेतो, आणि ज्याला सारी शाळा बेसूर समजून मोकळी झाली होती, तो मुलगा आयुष्यभरासाठी संगीताचा राहतो. अशा शिक्षकाला वर्ष पुरते. मात्र ते त्याच्या हाती यावे लागते.

आपल्या मुलुखाला हे नवे नाही. मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांपाशी शिकलेल्या कुरुंदवाडच्या विष्णु दिगंबर पलुसकरांनी 1901 साली लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापून, घराण्याबाहेरच्या सामान्य मुलालाही ठरलेल्या अभ्यासक्रमाने गाणे शिकता येते, हे सिद्ध केले. मिरजेच्या तंबोऱ्याला आणि सतारीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकनही लाभले.

मग अडते कोठे? 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने सहावी ते आठवीत शंभरांहून अधिक विद्यार्थी असलेल्या शाळेस कलाशिक्षणाकरिता अंशकालीन निदेशकाची तरतूद केली. पण चित्र, नृत्य, गायन हे सारे त्या एकाच कलमात कोंबले गेले. दुसरीकडे, शास्त्रीय कलांतील प्रावीण्याबद्दल दहावीला वाढीव गुण मिळतात. शाळेत शिक्षक नसता हे गुण ज्याच्या पालकांना खासगी वर्गाचे शुल्क परवडते त्याच्याच पदरात पडतात, आणि याच कराड तालुक्यातील काले येथे 1919 साली भाऊराव पाटलांनी ज्या रयतेच्या मुलांसाठी संस्था स्थापिली, ती मुले मात्र दाराबाहेर राहतात. हा अन्याय होय.

घरोघर चोवीस तास पाणी पोहोचविणाऱ्या मलकापुरास एका संगीतशिक्षकाचे वेतन जड जाऊ नये. प्रत्येक वर्गास आठवड्यातून दोन तासिका मुक्रर कराव्यात, आणि स्नेहसंमेलनाच्या मंडपखर्चातून काही रक्कम पेटीच्या दुरुस्तीस व तबल्याच्या पुड्यांस लावण्याचा ठराव शाळा व्यवस्थापन समित्यांनी जूनपूर्वी मंजूर करावा.