मांजर डूख धरत नाही

"मांजर डूख धरतं" हे वाक्य गेल्या महिन्याभरात मी तीन वेगवेगळ्या तोंडांतून ऐकलं, आणि तिन्ही वेळा बोलणारी माणसं चांगली शिकली-सवरलेली होती. म्हणून आज जरा तावातावानेच लिहिते आहे. नात्यातल्या मंडळींनी अंगाला लावून घेतलं तरी चालेल. किंबहुना घ्यावंच.

आपल्या भाषेत मांजराची बाजू घेणारी म्हण शोधून सापडायची नाही. डोळे मिटून दूध पितं ते मांजर, उंदराला साक्ष द्यायला जातं ते मांजर, आणि आडवं गेलं की आपलं काम बिघडवतं तेही मांजरच. कुत्रा इमानी, गाय गरीब, मांजर मतलबी! जन्मभर मराठी शिकवण्यात गेला, त्यामुळे या म्हणी मला पाठ आहेत आणि आवडतातही. पण म्हणीवरून कुणी रोगनिदान करू नये, एवढंच माझं म्हणणं आहे. घराघरांत ते रोज चालू आहे. मांजर गादीवर शू करतं? मुद्दाम करतं. जेवत नाही? रुसलंय. ओरबाडतं? माजलंय. दिवसभर पडून असतं? आळशी झालंय. हे चार शब्द म्हणजे मांजराच्या दुखण्यावर घातलेली चार पांघरुणं आहेत. शब्द सापडला की माणसाचं समाधान होतं, आणि दवाखान्यात जायचं राहून जातं.

'मुद्दाम'पासूनच सुरुवात करते, कारण त्याच्यापायी सगळ्यात जास्त मांजरं घराबाहेर जातात.

माझ्या नणंदेची सून पुण्याला असते. तिचा सोन्या नावाचा बोका, चार वर्षांचा, ऑपरेशन केलेला. तिचा संध्याकाळी फोन आला, "मामी, घर बदलल्यापासून सोन्या मुद्दाम गादीवर करतो. आता तर बाथरूममध्ये जाऊन नुसता बसून राहतो, आणि ओरडतो. सासूबाई म्हणतात, जुन्या घराचा राग काढतोय." मी विचारलं, बसतो तेव्हा धार येते का? म्हणाली, थेंब थेंब. म्हटलं, बाई गं, फोन ठेव आणि रिक्षा बघ.

बोक्याचा मूत्रमार्ग अतिशय अरुंद असतो. मूत्राशयाला सूज आली, की त्यातला चिकट स्राव आणि खड्यांची बारीक रेती मिळून तिथे बूच बसतं. लघवी अडली की रक्तातलं पोटॅशियम वाढत जातं आणि शेवटी हृदय थांबतं. दोन-तीन दिवसांत जीव जातो, कधी त्याच्याही आधी. गंमत अशी (गंमत कसली म्हणा) की वाकून बसलेला, कुंथणारा बोका बघून घरातली मंडळी त्याला बद्धकोष्ठ झालाय असं ठरवतात आणि तूप चाटवत बसतात. सोन्याला रात्रीच नळी घातली, सलाईन लावलं. चार दिवसांनी घरी आला. सकाळपर्यंत थांबले असते तर काय झालं असतं, ते डॉक्टरांनी तिला सांगितलंच आहे, मी पुन्हा सांगत नाही.

आता यात राग कुठे होता? जनावरांच्या डॉक्टरांना एक गोष्ट फार वेळा दिसते. मांजराला लघवीचा त्रास आहे, पण तपासणीत जंतूही नाहीत आणि खडाही नाही, नुसती मूत्राशयाला सूज. घर बदललं, तान्हं बाळ आलं, दुसरं मांजर आणलं, अशा ताणाने ती उसळते हे आता चांगलं माहीत आहे. म्हणजे घर बदलण्याशी संबंध होता, सासूबाई तिथवर बरोबरच होत्या. पण तो संबंध सूड उगवण्याचा नव्हता, तो दुखण्याचा होता. करताना आग होते, ती आग मांजराच्या मनात त्या मातीच्या ट्रेशी जोडली जाते, आणि मग ते दुसरीकडे, बहुधा मऊ जागी, जाऊन बघतं. दुसरं असं, की लघवी हा अपमान आहे ही कल्पना आपली. मांजराच्या लेखी तो त्याच्या स्वतःच्या ओळखीचा वास. घाबरलेलं मांजर आपला वास आपल्या माणसाच्या वासात मिसळतं, आणि आपण म्हणतो, बघा, माझ्याच उशीवर केलं!

ट्रेबद्दल थोडं. जितकी मांजरं तितके ट्रे आणि वर एक जास्त, असा जाणकारांचा नियम आहे. आपण तीन मांजरांत एक ठेवतो, तोही वॉशिंग मशीनच्या शेजारी, आणि दोन दिवसांनी साफ करतो. तसल्या संडासात आपण गेलो असतो का?

(उभ्या भिंतीवर शेपूट थरथरवत फवारा मारणारा बोका हा वेगळा प्रकार. ऑपरेशन न केलेला बोका ते करणारच. ती खोडही नाही आणि रोगही बहुतेकदा नाही. ऑपरेशन वेळेवर, पाच-सहा महिन्यांचा असताना करून घ्यावं. मांजरीचं तर नक्कीच, चार महिन्यांची पोर गाभण राहू शकते.)

आमच्या जुन्या गल्लीत एका कुटुंबाने असाच एक बोका पोत्यात घातला आणि स्कूटरवरून नदीपलीकडे नेऊन सोडला. गुन्हा काय, तर नवीन बाळंतिणीच्या अंथरुणावर तीनदा केलं. 'बाळावर डूख धरलाय' असा निवाडा आजोबांनी दिला. तो आजारी होता की घाबरलेला, हे आता कुणालाच कळायचं नाही. पण घरात वाढलेलं मांजर अनोळखी जागी, अनोळखी कुत्र्यांत सोडणं म्हणजे काय, ते कळायला डॉक्टर लागत नाही. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धचा १९६० चा कायदा आहे. भुकेने-तहानेने हाल होतील अशा स्थितीत जनावर कारणाशिवाय सोडून देणं हा त्याच्या अकराव्या कलमाखाली गुन्हा आहे. पोतं नेणाऱ्यांना हे माहीत नसतं. सांगितलं तर हसतात.

'रुसलंय' हा शब्द गोड आहे, म्हणून अधिक घातक. लेकरू रुसलं तर संध्याकाळी जेवतं. मांजर दोन-तीन दिवस जेवलं नाही, त्यातून ते गुटगुटीत असलं, तर अंगातली चरबी यकृतात साठू लागते आणि यकृत निकामी होतं. कारण मुळात क्षुल्लक असेल, दात दुखत असेल, नाक चोंदल्यामुळे वास येत नसेल (वास आला नाही तर मांजर खात नाही), पण उपास हाच मग वेगळा आजार होऊन बसतो. आणि आपण काय करतो, तर 'भूक लागली की येईल झक्कत.' ते येत नाही.

'माजलंय'चं उदाहरण घरचंच. माझी मनी चौदा वर्षांची. कमरेवरून हात फिरवला की गुरगुरते, क्वचित पंजा मारते. आल्यागेल्याला वाटतं म्हातारी खवट झाली. अमेरिकेत बारा वर्षांवरच्या शंभर मांजरांचे एक्स-रे पाहिले होते, २००२ साली ते प्रसिद्ध झालं. त्यातल्या नव्वद मांजरांत सांध्यांची झीज दिसली. शंभरात नव्वद! माझे स्वतःचे गुडघे असे आहेत की जिना चढताना मला कुणी मागून टपली मारली, तर मीही गुरगुरेन. मांजर लंगडत नाही, विव्हळत नाही, फक्त ओट्यावर उडी मारायचं सोडून देतं. त्याच्या जातीला दुखणं लपवावंच लागतं. मोठ्या जनावरांचं तेही भक्ष्यच ना. आपण त्याला 'आता शहाणी झाली, ओट्यावर चढत नाही' असं प्रशस्तिपत्रक देतो.

तशीच रात्री-अपरात्री ओरडणारी म्हातारी मांजरं. 'अपशकुनी' म्हणून शेजारी तक्रार करतात. खातं भरपूर, तरी वाळत चाललंय आणि रात्री ओरडतंय, असं असेल तर थायरॉइड तपासायला हवं. मांजरांतला हा विकार १९७९ पासून नोंदलेला आहे, त्यावर गोळ्या आहेत. रक्तदाब असू शकतो, बहिरेपण असू शकतं. मात्र एकदम पिसाटल्यासारखं वागणारं, लाळ गाळणारं मांजर दिसलं तर त्याच्याजवळ जाऊ नका. रेबीज मांजरालाही होतो. चावलं-ओरबाडलं तर साबण लावून पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली धुवा आणि लगेच इंजेक्शन घ्या. तिथे माझी ही वकिली थांबते.

आणि कृपा करून घरच्या डब्यातली औषधं देऊ नका. ताप वाटला म्हणून पॅरासिटामॉलची अर्धी गोळी देणारे मायाळू लोक मला माहीत आहेत. मांजराच्या यकृताला ते औषध पचवता येत नाही, रक्ताची प्राणवायू वाहायची शक्तीच जाते, हिरड्या तपकिरी-निळ्या पडतात. अर्ध्या गोळीने मांजर मरू शकतं. कुत्र्याच्या गोचिडांच्या ज्या औषधात परमेथ्रिन असतं, तेही तसंच. दूधभातावर वाढवणाऱ्यांनाही एक सांगते (आमचं घर शाकाहारीच आहे, तरी सांगते). टॉरिन नावाचा घटक मांजराला मांस-मासळीतूनच मिळतो, तो कमी पडला तर डोळे जातात आणि हृदय थकतं. हृदयाचा हा संबंध १९८७ साली कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी दाखवला. मग ते दिवसभर पडून राहतं. आळशी कोण, ते तुम्हीच ठरवा.

यावर ठरलेला प्रश्न येणार, "काकू, माणसांना दवाखाना परवडत नाही, मांजराचे कसले लाड?" ज्याला खरंच परवडत नाही त्याच्याशी माझं भांडण नाही. आमच्यासारख्या गावात सरकारी दवाखाना गाई-म्हशींचा, तिथे पिशवीतून मांजर काढलं की लोक हसतात, तेही मी सोसलेलं आहे. पण हा प्रश्न मला विचारणारे बहुतेक चारचाकीतून उतरून विचारतात. आणि खर्चाचं कारण असेल तर खर्च म्हणा ना! त्याला डूख का म्हणता? आमच्या वर्गात एक मुलगा आला होता, आधीच्या बाईंनी 'मठ्ठ' असा शेरा मारून पाठवलेला. त्याला फळाच दिसत नव्हता. चष्मा लागला आणि शेरा गळून पडला. मांजराच्या वहीत मात्र शेरा एकदा बसला की बसला.

मी स्वतः काय करते, तर पेन्शनच्या दिवशी मनीला भाजीच्या पिशवीत घालून ताणकाट्याला लावते आणि कॅलेंडरवर वजन लिहिते. मागच्या महिन्यात ३ किलो ४०० होतं. आज ३ किलो १५० भरलं. खाणं तर वाढलंय. उद्या सकाळच्या एसटीने तालुक्याला डॉक्टरांकडे जाते आहे, रक्त तपासायला. तोवर कुणी फोन केलात तर उचलणार नाही.