खिदळणाऱ्या पोरांचा रकाना कुठाय?

अंगणवाडीत मुलाचं वजन होतं, उंची मोजली जाते आणि ती 'पोषण ट्रॅकर'मध्ये भरलीही जाते. ते हवंच. पण मूल आज कुणाबरोबर खेळलं, कशाला हसलं, हे कोण विचारतं?

'दीड-दोन वर्षांच्या पोराला कसली आलीय थट्टा?' असं आपल्याला वाटतं. वर्ध्यातल्या एका पाळणाघरात मी पाहिलं, एकानं जेवणाची वाटी डोक्यावर ठेवली. दुसरीनं लगेच आपली ठेवली. मग तिघं-चौघं एकमेकांकडे बघून लोळण घेत हसायला लागली. शब्द एकही नाही. पण वाटी म्हणजे टोपी नव्हे, हे मला कळतं आणि तुलाही कळतं, एवढं सगळं त्या हसण्यात होतं. वासुदेवी रेड्डी या मानसशास्त्रज्ञांनी तर वर्षाच्या आतली बाळंही वस्तू पुढे करून, घ्यायला गेलं की मागे ओढून चिडवतात, हे दाखवून दिलंय. आपली पाळी येईपर्यंत थांबणं, समोरचा रडवेला झाला की थांबणं, हे मूल अशाच खेळात शिकतं. त्यासाठी आई-आजीबरोबर बरोबरीचं पोरही लागतं.

वर्ध्याला हे नवं नाही. 1937 च्या इथल्या शिक्षण परिषदेतून नई तालीम उभी राहिली आणि 1945 मध्ये सेवाग्रामला तिच्या कक्षेत शाळेआधीची वर्षंही आली. ताराबाई मोडकांचं बोर्डीचं कामही त्याच वर्षी सुरू झालं. पुढे 1975 मध्ये एकात्मिक बालविकास योजना आली. पण तिच्यात खेळ-गाणी तीन ते सहा वर्षांच्यांना. तिनाच्या आतल्यांना मुख्यतः लस, वजन आणि घरी न्यायचं आहाराचं पाकीट.

मग कापूस वेचणीच्या दिवसांत हे लेकरू कुठं असतं? धुऱ्यावरच्या झाडाला बांधलेल्या झोळीत, थकलेल्या आजीजवळ, नाहीतर शाळा बुडवून घरी राहिलेल्या ताईच्या कडेवर. मजुरी बुडवणं आईला परवडत नाही. म्हणजे एका लेकराच्या सांभाळापायी दुसऱ्या लेकीची शाळा जाते!

2005 च्या रोजगार हमी कायद्यात सहा वर्षांखालची पाच मुलं कामावर आली तर सांभाळायला एक बाई नेमायची तरतूद होती. पण शेतमालकाच्या वावरात ती लागू नव्हती. 2022 मध्ये 'मिशन शक्ती'त 'पाळणा' योजना आली: सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांसाठी अंगणवाडीतच पाळणाघर. 2024 च्या 'नवचेतना' आराखड्यानं तिनाच्या आतल्यांच्या खेळालाही शिक्षण मानलं. कागद चांगला आहे. पण आधीच नोंदींच्या ओझ्याखालच्या सेविकेवर हेही टाकलं, तर पोरं नुसती निजवली जातील. त्यासाठी वेगळी बाई हवी आणि तिला रास्त मानधन हवं.

तेव्हा बायांनो, पुढच्या ग्रामसभेत रस्ता-नाल्यांच्या यादीत पाळणाघरही घाला. आणि तिथं पोट्टी खिदळली तर 'गप बसा' म्हणू नका. त्यांचा अभ्यास चाललेला असतो.