गृहकला : कर्तनयंत्राची निवड

दीपावली समीप आली की पिनरमधील मराठी घरांतून आकाशकंदिलाचा विषय निघतो. कात्री, खळ आणि पतंगी कागद यांच्या जोडीला आता घरगुती कर्तनयंत्रही उपलब्ध आहे. चिकट चटईवर बसविलेला कागद आखून दिलेल्या रेषेबरहुकूम बारीक पात्याने कापणे, एवढेच त्याचे कार्य. तथापि त्याची किंमत अल्प नसल्याने खरेदीपूर्वी दोन प्रश्नांचा विचार अवश्य करावा.

पहिला प्रश्न असा की, कापावयाचे काय? कंदिलाच्या झिरमिळ्या आणि भेटकार्डे एवढीच हौस असेल तर साडेचार इंच रुंदीपर्यंत कापणारे लहानसे 'क्रिकट जॉय' पुरते. गणपतीच्या मखरासाठी मात्र बारा इंची यंत्र हवे. महाराष्ट्रात 2018 साली थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली, तेव्हापासून पुठ्ठ्याच्या मखराला विशेष महत्त्व आले आहे. मोठी कमान बारा इंची यंत्रावरही तुकड्यातुकड्यांनी कापून जोडावी लागते. नुसते कापड कापावयाचे असल्यास 2017 साली आलेल्या 'क्रिकट मेकर'चे फिरते पाते उपयोगी पडते.

दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा : नक्षी येणार कोठून? तयार चित्रसंग्रहांवर विसंबल्यास घरोघरी एकच नक्षी दिसू लागेल. जपानमधील नागोया येथील ब्रदर कंपनीच्या 'स्कॅनएनकट' यंत्रात चित्र टिपून घेण्याची सोय आहे. त्यामुळे आजीने कागदावर काढलेली रांगोळी संगणकावाचूनही कापता येते. 'सिल्हूट'ची आज्ञावली इंटरनेटविना चालते. क्रिकटने मार्च 2021 मध्ये वर्गणी न भरणाऱ्यांस महिन्याला वीसच नव्या नक्षी चढविता येतील, असे जाहीर केले होते. ग्राहकांनी तीव्र निषेध केल्यावर तो बेत सोडून देण्यात आला. यंत्र आपल्या घरी असले तरी त्याच्या किल्ल्या कोणाच्या हाती आहेत, हे यावरून ध्यानी यावे.

पाती बोथट होतात, चटईचा चिकटपणा ओसरतो; हा आवर्ती खर्चही हिशेबात धरावा. वर्षातून दोनदाच उपयोग होणार असेल तर चार कुटुंबांनी मिळून एकच यंत्र घेणे शहाणपणाचे. पतंगी कागदासाठी नवे पाते व कमी चिकट चटई वापरावी, आणि कंदिलात मेणबत्तीऐवजी विजेचा लहान दिवा लावावा.

कापण्याचे कष्ट यंत्राने वाचविले तरी नक्षी रेखाटण्याचे आणि कंदील जोडण्याचे काम मुलांच्या हातीच ठेवावे. आजीची रांगोळी त्यांनी प्रथम स्वहस्ते गिरवावी, मग ती यंत्रात घालावी.